अनेक देशांतले लोक बोलावताय? आधी कामांचा क्रम लावा

आंतरराष्ट्रीय कार्यक्रम ठरला की आयोजकांच्या पहिल्याच बैठकीत हमखास एक प्रश्न निघतो: अमुक देशाच्या पाहुण्यांशी हात मिळवायचा की नुसतं वाकायचं? यावर अर्धा तास चर्चा रंगते. निमंत्रणपत्रांचा विषय मात्र कुणी काढत नाही. मग कार्यक्रम तीन आठवड्यांवर येतो. सात जणांचे व्हिसा अडकलेले असतात, दुभाष्यांना भाषणं मिळालेली नसतात, आणि ज्यांच्याशी हात मिळवण्यावरून एवढा खल झाला ते पाहुणे येऊच शकत नाहीत.

वेगवेगळ्या संस्कृतींतली माणसं एकत्र येतात तेव्हा घोडं शिष्टाचारात क्वचित अडतं. ते अडतं तारखेत, नोंदणीच्या फॉर्ममध्ये आणि वेळापत्रकात. पुढचे टप्पे शंभरेक जणांच्या, तीन-चार दिवसांच्या परिषदेसाठी किंवा कार्यशाळेसाठी आहेत. हाताशी किमान नऊ महिने ठेवा. सहा महिन्यांत जमतं, पण मग व्हिसा लागणाऱ्यांपैकी काही जण गळणार हे गृहीत धरून चाला.

## टप्पा १: यादी माणसांची करा, देशांची नाही

'बारा देशांतून पाहुणे येणार' एवढी माहिती प्रसिद्धिपत्रकाला पुरते, नियोजनाला नाही. प्रत्येक संभाव्य सहभागीच्या नावापुढे चार रकाने हवेत: पासपोर्ट कोणत्या देशाचा, सध्या मुक्काम कुठे, कोणत्या भाषेत वाद घालू शकतो, आणि निरोप कशावर मिळतो.

पहिले दोन रकाने वेगळे ठेवायचे, कारण माणूस नागरिक एका देशाचा असतो आणि नोकरीला दुसऱ्याच देशात असतो. व्हिसा लागतो की नाही हे मुख्यतः पासपोर्टवरून ठरतं, तर अर्ज कुठे करायचा हे बहुतेक वेळा मुक्कामावरून. काही देशांत यजमान देशाचा दूतावासच नसतो. तिथल्या माणसाला अर्ज करायलाही शेजारच्या देशात जावं लागतं, आणि त्या फेरीचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

तिसऱ्या रकान्यात 'वाद घालू शकतो' हे शब्द मुद्दाम आहेत. 'इंग्रजी येतं का?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. चहाच्या वेळी गप्पा मारण्याइतकं येणं निराळं आणि ठरावाच्या मसुद्यातल्या एका शब्दावरून भांडण्याइतकं येणं निराळं.

चौथा रकाना किरकोळ वाटतो. पण चीनमध्ये गूगलचे फॉर्म एरवी उघडत नाहीत आणि व्हॉट्सअॅपही चालत नाही. तिथून उत्तर आलं नाही म्हणजे रस नाही, असं समजून नावं कापणारे आयोजक मी पाहिले आहेत.

नेहमीची चूक: देशवार सवयींचे तक्ते वाटणं. 'हे लोक थेट बोलतात, ते लोक उशिरा येतात' अशा तक्त्यात एकाच देशातली साठीची प्राध्यापिका आणि पंचविशीतला प्रोग्रॅमर एकाच चौकटीत कोंबले जातात. कुणाला काय हवं हे त्या माणसालाच विचारायचं. कसं विचारायचं ते टप्पा ३ मध्ये आहे.

## टप्पा २: तारीख

तारीख ठरवताना आपण आपल्या सुट्ट्या बघतो, हॉल रिकामा आहे ना ते बघतो आणि आगाऊ रक्कम भरून मोकळे होतो. त्याआधी यादीतल्या सगळ्या देशांची कॅलेंडरं एकाखाली एक मांडा. नजर कुठे ठेवायची ते सांगतो.

रमजान चांद्र वर्षाप्रमाणे येतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत आणि डिसेंबरात असा दोनदा सुरू होईल. गेल्या वर्षीची तारीख बघून अंदाज बांधू नका, आणि चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडे-तिकडे होतो हेही धरा. चिनी नववर्ष साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येतं. ईस्टर दोन असतात: २०२५ मध्ये पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर एकाच दिवशी आले, पण २०२४ मध्ये एक ३१ मार्चला होता आणि दुसरा ५ मेला. इराणी नववर्ष, म्हणजे नवरोज, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास येतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा, आणि एप्रिल संपताना जपानमध्ये सलग सुट्ट्या लागतात.

आठवड्याची सुट्टीही सगळीकडे शनिवार-रविवार नसते. सौदी अरेबियात आणि इजिप्तमध्ये ती शुक्रवार-शनिवार आहे. संयुक्त अरब अमिरातींनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार धरला, पण तिथली सरकारी कार्यालयं शुक्रवारी अर्धा दिवस चालतात. शुक्रवारी दुपारी मुस्लिम सहभागींची सामूहिक नमाज असते आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो. समारोप आणि निघण्याची गर्दी शुक्रवारी संध्याकाळी ठेवली तर शब्बाथ पाळणारा माणूस प्रवासच करू शकत नाही.

सगळ्यांना सोयीची अशी तारीख मिळणार नाही, तिचा शोधही घेऊ नका. कोणती तारीख कुणाला अडचणीची आहे हे माहीत असताना निवड करा, आणि ज्यांची अडचण होणार त्यांना ते आधीच कळवा.

तारीख लिहायचीही एक पद्धत ठरवा. '०४/०५' म्हणजे अमेरिकेत ५ एप्रिल आणि बहुतेक जगात ४ मे. महिना नेहमी अक्षरी लिहा. कोष्टकात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस ठेवा. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तेच सांगतं. वेळ चोवीस तासांची.

सावधान: तयारीच्या ऑनलाइन बैठका मार्चमध्ये हमखास चुकतात. अमेरिकेत घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर पाच तासांऐवजी चार तासांचं असतं. शरद ऋतूत असाच एक आठवडा येतो. भारत, आखाती देश आणि चीन घड्याळ बदलत नाहीत. बैठकीची वेळ यूटीसीमध्ये (जगभर समान धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत) लिहा आणि शेजारी प्रत्येक शहराची वेळ द्या.

## टप्पा ३: नोंदणीचा फॉर्म

बहुतेक जण हा फॉर्म एखाद्या स्वयंसेवकाकडे सोपवतात. माझ्या मते आयोजकांमधल्या सगळ्यात अनुभवी माणसाने तो स्वतः बसून करावा. पुढच्या निम्म्या चुका इथेच पेरल्या जातात.

नाव. एका कार्यशाळेच्या फॉर्ममध्ये आम्ही आडनावाची चौकट सक्तीची ठेवली होती. एका सहभागीच्या पासपोर्टवर एकच नाव होतं. चौकट रिकामी सोडता येईना, म्हणून त्याने तिथे तेच नाव पुन्हा टाकलं. तिकीट फॉर्मवरून निघालं, त्यावर नाव दोनदा आलं. निमंत्रणपत्र करणाऱ्या मुलीला ते चुकीचं वाटलं, तिने एकदाच लिहिलं. बॅज छापणाऱ्याने आडनाव म्हणून त्याच्या गावाचं नाव घातलं. दूतावासाच्या खिडकीवर तिकीट आणि पत्र शेजारी-शेजारी ठेवून त्याला विचारण्यात आलं, 'यातले तुम्ही कोण?'

म्हणून नावासाठी तीन चौकटी ठेवा आणि आडनाव सक्तीचं करू नका:

१. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर तेच.
२. बॅजवर हवं तसं नाव.
३. हाक काय मारायची, आणि उच्चार कसा.

चीन, जपान, कोरिया आणि हंगेरी इथे आडनाव आधी येतं. स्पॅनिशभाषकांना बहुधा दोन आडनावं असतात, आणि त्यातलं दुसरं तेवढं उचलणं चुकीचं. आइसलँडमध्ये नावाचा शेवटचा भाग बहुतेकदा वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून आलेला असतो, त्यामुळे फोनच्या याद्याही पहिल्या नावाने लावतात. 'नावाचा शेवटचा शब्द म्हणजे आडनाव' असं धरून संगणकाने लावलेली यादी नोंदणीच्या टेबलावर रांग लावते. सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाला नोंदणी क्रमांक द्या आणि बॅज क्रमांकाने लावा.

जेवण. धर्म विचारू नका. कारण सभ्यतेचं तर आहेच, कायद्याचंही आहे: युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांत धर्म आणि आरोग्य ही खास जपायची माहिती मानली जाते. तुम्हाला ताटात काय नको एवढंच कळायला हवं. 'शाकाहारी' हा शब्दही पुरत नाही, कारण कुठे त्यात मासे चालतात, कुठे अंडी, तर कुठे रश्शात चिकनचं पाणी असलं तरी चालतं. पदार्थांची यादी द्या आणि नको त्यावर खूण करायला सांगा: मांस, डुकराचं मांस, गोमांस, मासे, कवचाचे प्राणी, अंडी, दूध, ग्लूटेन, शेंगदाणे व सुकामेवा, कांदा-लसूण, कंद, मद्य. हलाल (मुस्लिम) आणि कोशर (ज्यू) आहारनियम ही वेगळी खूण, कारण तिथे प्रश्न पदार्थापुरता नसतो. कोशरमध्ये स्वयंपाकघर आणि भांडीही मोजली जातात, त्यामुळे बहुधा बाहेरून सीलबंद ताटच मागवावं लागतं. अॅलर्जी निराळी लिहून घ्या आणि ती किती तीव्र आहे हेही विचारा.

बाकीच्या गरजा. चाकाची खुर्ची, शांत खोली, तान्हं मूल सोबत आहे का, औषधांसाठी फ्रीज, खोली कुणाबरोबर वाटून घ्यायला तयार आहात का, छायाचित्र प्रसिद्ध केलेलं चालेल का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. एखाद्या कार्यक्रमात हजर असल्याचा फोटो काही लोकांना मायदेशी अडचणीत आणू शकतो. 'नाही' म्हणणाऱ्याच्या बॅजची दोरी वेगळ्या रंगाची ठेवा म्हणजे छायाचित्रकाराला लांबूनही दिसते.

तपासा: फॉर्म तीन वेगळ्या देशांतल्या तीन माणसांना मोबाइलवर भरायला लावा. तो उघडतो का, कुठे अडतो आणि 'इतर' मध्ये ते काय लिहितात ते बघा. दोघांनी 'इतर' मध्ये एकच गोष्ट लिहिली तर ती चौकट तुमच्याकडून राहिली आहे.

## टप्पा ४: निमंत्रणपत्र आणि व्हिसा

फॉर्ममधलं पासपोर्टचं नाव हाती आल्याशिवाय पत्र करू नका, आणि आल्यावर एक दिवसही थांबू नका.

उलटी मोजणी कशी करायची ते शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) उदाहरणाने बघू. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. शिवाय अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळायलाच गर्दीच्या महिन्यांत आठवडे जातात. म्हणजे कार्यक्रम ऑक्टोबरच्या मध्यावर असेल तर पत्र मे महिन्यात सहभागीच्या हातात हवं. ऑगस्टमध्ये पत्र पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. इतर देशांचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत, पण मोजायची दिशा तीच.

पत्रात काय हवं:

१. पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक.
२. कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, तारखा, आणि येण्या-जाण्याचे जादा दिवस.
३. हा माणूस काय करणार आहे: भाषण, प्रशिक्षण की नुसती उपस्थिती.
४. खर्च कोण करणार. विमान, मुक्काम, विमा, रोजचा भत्ता, प्रत्येकासमोर स्पष्टपणे 'आयोजक' किंवा 'सहभागी स्वतः'. 'मुक्कामासाठी सहकार्य केलं जाईल' असली मोघम वाक्यं अर्जदाराच्या मुळावर येतात.
५. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कामाच्या वेळेत उचलला जाणारा फोन नंबर.

पाचव्या मुद्द्यात आम्ही एकदा पोळलो आहोत. दूतावासातून खरंच फोन आला आणि तो रिसेप्शनवर नव्याने आलेल्या माणसाने घेतला. 'असा काही कार्यक्रम आहे का?' या प्रश्नाला त्याने अगदी प्रामाणिकपणे 'मला तरी माहीत नाही' असं उत्तर दिलं. तेव्हापासून फोनजवळ कार्यक्रमाचं नाव, तारखा आणि सहभागींची यादी चिकटवलेली असते.

पत्रासोबत सहभागीला एक पानी सूचना द्या. पासपोर्ट किती महिने वैध हवा (अनेक देश सहा महिने मागतात, शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो). प्रवास विमा किती रकमेचा हवा (शेंगेनसाठी किमान ३०,००० युरो). वाटेत विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लागतं का. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. कार्यक्रमात सीमेपलीकडची सहल असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागायला सांगा, नाहीतर सहलीला गेलेला माणूस समारोपाला परत येऊ शकत नाही.

सावधान: व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. नुसतं आरक्षण पुरतं का ते दूतावासाच्या यादीत बघा.

सावधान: खुल्या नोंदणीच्या परिषदांना फक्त पत्रासाठी नोंदणी करणारेही येतात. त्यावर देश बघून पत्र नाकारणं हा उपाय नव्हे. शुल्क भरल्यावर किंवा शोधनिबंध स्वीकारला गेल्यावरच पत्र, असा एकच नियम सगळ्यांना लावा.

ज्यांना नकार येईल त्यांचं काय, हेही आत्ताच ठरवा: ध्वनिचित्रित भाषण, ऑनलाइन सहभाग की बदली वक्ता. आदल्या दिवशी ठरवलं की ते सत्र कार्यक्रमपत्रिकेतून गुपचूप गायब होतं, आणि दर वेळी त्याच त्या देशांतली माणसं वगळली जातात.

प्रदर्शनासाठी उपकरणं किंवा कलावस्तू येणार असतील तर सीमाशुल्कासाठी एटीए कार्ने या कागदपत्राची चौकशी याच टप्प्यात करा. त्याच्या आधारे वस्तू तात्पुरत्या, कर न भरता आणता येतात, पण ठरल्या मुदतीत परत न्याव्या लागतात. सगळे देश त्यात नाहीत.

## टप्पा ५: भाषा आणि दुभाषे

इथे पैसे वाचवायचा मोह होतो. 'आमच्यातल्याच एकीला फ्रेंच येतं, ती करेल.' दोन भाषा येणं आणि समोरचा बोलत असतानाच दुसऱ्या भाषेत बोलत जाणं यांत फार अंतर आहे. एकाच वेळी चालणारा अनुवाद इतका थकवतो की दुभाषे जोडीने बसतात आणि दर २०-३० मिनिटांनी एकमेकांना सोडवतात. म्हणून प्रत्येक भाषेला किमान दोन माणसं धरा. दिवस लांबला तर तीन.

वक्ता थांबतो आणि मग दुभाष्या बोलतो, हा प्रकार स्वस्त आहे, पण त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. वीस मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटं चालतं. हे गणित कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी करा.

क्रम असा ठेवा. आधी भाषा ठरवा, तिसऱ्या रकान्यावरून. मग दुभाषे बांधून घ्या. मग त्यांच्याशी बोलून बूथ (दुभाषे बसतात ती आवाजबंद खोली), हेडफोन आणि मायक्रोफोन ठरवा. हलवता येणाऱ्या बूथसाठी आयएसओ ४०४३ हे प्रमाण आहे, भाड्याने घेताना त्याचा उल्लेख करा. निदान एक आठवडा आधी भाषणांच्या प्रती, स्लाइड्स, वक्त्यांची नावं आणि संज्ञांची यादी द्या. चित्रफीत दाखवणार असाल तर तिची संहिताही द्या. ऐन वेळी सुरू झालेल्या चित्रफितीत निवेदक जे वेगाने बोलतो ते कुठलाही दुभाष्या पकडू शकत नाही, आणि सभागृहाचा तो भाग नुसता चित्रं बघत बसतो.

वक्त्यांना तीन सूचना लेखी द्या. मायक्रोफोनशिवाय एक शब्दही नको, कारण बूथमध्ये ऐकू जात नाही. लिहिलेलं भाषण धडाधडा वाचू नका. आकडे सावकाश सांगा आणि पडद्यावर दाखवा. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि स्पॅनिश बियॉन म्हणजे लाख कोटी. हजारपटीची चूक एका शब्दात होते.

सगळे इंग्रजीत बोलणार असले तरी निर्धास्त होऊ नका. मुद्दा 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. सांकेतिक भाषेचंही तसंच: ब्रिटिश आणि अमेरिकन सांकेतिक भाषा एकमेकींच्या जवळपासही नाहीत. 'सांकेतिक दुभाष्या हवा' असं मोघम सांगू नका, कोणत्या भाषेचा ते विचारून घ्या.

## टप्पा ६: कार्यक्रमपत्रिका

दुभाषे आणि सुट्ट्या पक्क्या झाल्यावरच पत्रिका करा. पहिल्या दिवशी सकाळी जड सत्र नको, कारण निम्म्या लोकांच्या शरीरात तेव्हा मध्यरात्र असते. मधल्या सुट्ट्या अर्ध्या तासाच्या ठेवा. पंधरा मिनिटांत शंभर माणसं जिना उतरून चहा घेऊन परत येत नाहीत, आणि खरी ओळख तिथेच होते.

जास्त काळजी चर्चेच्या पद्धतीची घ्या. एका परिषदेत सूत्रसंचालकाने भाषणानंतर विचारलं, 'कुणाला काही शंका?' तीन हात वर आले, तिन्ही पहिल्या रांगेतले, तिघेही इंग्रजी मातृभाषा असलेले. दुपारच्या सत्रात आम्ही पद्धत बदलली. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी दिली, हव्या त्या भाषेत प्रश्न लिहायला दोन मिनिटं दिली आणि शेजाऱ्याशी तीन मिनिटं बोलायला सांगितलं. टोपलीत तीसच्या वर चिठ्ठ्या आल्या. सगळ्यात बोचरा प्रश्न मागच्या रांगेत दोन दिवस गप्प बसलेल्या बाईंचा होता. भर सभेत वडीलधाऱ्या वक्त्याला टोकणं त्यांना जमणारं नव्हतं. लिहून विचारायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

निर्णय घ्यायचा असेल तर 'सगळ्यांना मान्य?' असं विचारून मिळालेल्या 'हो' वर विसंबू नका. अनेकांच्या बोलण्यात 'हो' म्हणजे 'ऐकलं' एवढंच असतं. मसुदा रात्री सगळ्यांना वाचायला द्या, सकाळी लेखी हरकती घ्या, मग ठराव मांडा.

तपासा: पत्रिकेवर जेवण, नमाज आणि सूर्यास्ताच्या वेळा आडव्या येतात का? रमजान असेल तर रात्रीचं जेवण सूर्यास्तानंतर आहे ना, आणि उपवास करणाऱ्यांसाठी पहाटेची सोय मुक्कामाच्या ठिकाणी आहे ना?

## टप्पा ७: जागा, ताट, पाट्या

हा टप्पा पाचव्या-सहाव्याच्या बरोबरीने चालू शकतो.

प्रत्येक पदार्थापुढे घटक लिहा, नुसतं नाव नको. जिलेटिन आणि सॉसमधली वाइन या दोन गोष्टी केटरर हमखास विसरतात. वाढण्याचे चमचे वेगळे ठेवा आणि शाकाहारी टेबल रांगेच्या सुरुवातीला, कारण सगळेच ते चाखतात आणि ज्यांना दुसरं काही चालत नाही त्यांना उरत नाही. शांत खोली म्हणजे कोठीघर नव्हे: स्वच्छ जमीन, किब्ल्याची (नमाजाला तोंड करायची, मक्केकडची) दिशा दाखवणारी खूण, जवळ हातपाय धुण्याची सोय, आणि दारावर कुठल्याच धर्माचं चिन्ह नको. पाट्यांवर मजला लिहिताना जपा. अमेरिकेत 'पहिला मजला' म्हणजे तळमजला.

## टप्पा ८: झेंडे, नकाशे, नावांचा क्रम

चूक झाली तर फोटो जगभर फिरतो आणि माफीनामा कुणी वाचत नाही, असा हा टप्पा आहे.

पोलंडचा झेंडा वर पांढरा, खाली लाल. इंडोनेशियाचा वर लाल, खाली पांढरा. फिलिपाइन्सचा झेंडा उलटा, म्हणजे लाल पट्टा वर करून लावला, तर तो युद्धाचा संकेत ठरतो. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर इस्लामच्या श्रद्धेची साक्ष, म्हणजे कलमा, लिहिलेली आहे. तो टोपी, फुगा, कागदी रुमाल यांवर छापू नका. स्वित्झर्लंडचा चौरस आहे आणि नेपाळचा आयताकृती नाहीच, त्यामुळे 'सगळे एका मापात' असं छापखान्याला सांगितलं की दोन्ही बिघडतात. झेंडे लावल्यावर त्या-त्या देशाच्या सहभागीला बोलावून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

देशांचा क्रम कोणत्या भाषेच्या वर्णमालेप्रमाणे ते लिहून जाहीर करा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये संघ चिनी अक्षरांतल्या रेघांच्या संख्येप्रमाणे मैदानात आले आणि २०२१ मध्ये टोकियोत जपानी अक्षरक्रमाने. दोन्हीकडे क्रम ठरलेल्या नियमाने लागला होता. वादातल्या प्रदेशांची नावं आणि सीमा यांवर एक धोरण ठरवा: तुमची पालक संस्था किंवा संयुक्त राष्ट्रे जी नावं वापरतात ती, आणि सगळीकडे तीच, अगदी फॉर्मवरच्या देशांच्या यादीतही. नकाशाची गरज नसेल तर नकाशा नकोच. शोभेसाठी छापलेल्या नकाशाइतकी महाग शोभा दुसरी नाही.

## टप्पा ९: पैसे

थोडक्यात. परदेशी पाठवलेल्या रकमेतून मधल्या बँका आपला आकार कापतात. सगळे आकार पाठवणाऱ्याने सोसायचे असा पर्याय निवडा, नाहीतर वक्त्याच्या हाती मानधन कमी पडतं आणि त्याला वाटतं तुम्हीच कापलं. भत्ता पहिल्या दिवशी हातात द्या. 'आधी खर्च करा, मग पावत्या द्या' हे सगळ्यांना परवडत नाही, आणि तसं तोंडावर कुणी सांगत नाही.

## टप्पा १०: आदला दिवस आणि पहिला तास

स्वयंसेवकांना एक तास द्या. देशवार सवयी शिकवू नका, तीन गोष्टी घटवून घ्या. नाव बॅजवरून वाचण्याआधी उच्चार विचारायचा. हात आपण पुढे करायचा नाही. हसून मान लववायची, समोरच्याने हात दिला तर मिळवायचा. (सुरुवातीच्या अर्ध्या तासाच्या चर्चेचं उत्तर एवढंच आहे.) आणि काही कळलं नाही तर 'हो हो' न म्हणता पुन्हा विचारायचं.

बूथची चाचणी रिकाम्या सभागृहात करू नका, पाच माणसं बसवून करा. प्रत्येक भाषेचा आवाज हेडफोनमध्ये ऐका. आपत्कालीन कागदावर जवळचं रुग्णालय, दूतावासांचे नंबर, पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग दूतावास हा क्रम, आणि तीव्र अॅलर्जी असलेल्यांची यादी ठेवा. हा कागद मुख्य आयोजकाच्या लॅपटॉपमध्ये असून चालत नाही. तो छापून दोन माणसांच्या खिशात हवा.

## टप्पा ११: संपल्यावर

तीन दिवसांच्या आत अभिप्राय मागा, नाव न विचारता, सगळ्या कामकाजाच्या भाषांत. 'कार्यक्रम कसा वाटला?' याचं उत्तर 'छान' असंच येतं. त्याऐवजी विचारा: कोणत्या क्षणी तुम्हाला काय चाललंय ते कळलं नाही? कोणत्या वेळी बोलायचं होतं पण बोलला नाहीत? प्रमाणपत्रांवर नाव फॉर्मच्या दुसऱ्या चौकटीतलं घ्या, पहिल्या नाही. आहार आणि आरोग्य यांची माहिती पुसून टाका, ती पुढच्या वेळी पुन्हा विचारायची असते.

मग सगळ्यांच्या निमंत्रणपत्रांचा एक तक्ता करा: पत्र कधी गेलं, दूतावासाची वेळ कधी मिळाली, व्हिसा कधी आला किंवा नाकारला गेला. तारखा आठवणीतून लिहू नका, ई-मेल उघडून बघा. पुढच्या कार्यक्रमाची पत्रं कधी पाठवायची हे त्या तक्त्यातल्या सगळ्यात उशिरा आलेल्या व्हिसावरून ठरवा, सरासरीवरून नाही.